पऱ्हाटीची राख कोणाची?

फरदडीचा मोह आवरून कापूस मोडला की परभणी जिल्ह्यात बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. चिमट्याने उपटलेली, मुळाशी काळ्या मातीचे ढेकूळ धरून असलेली पऱ्हाटी. ढीग तसाच ठेवावा तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत पडून राहते. मग एका संध्याकाळी काडी लावली जाते आणि हेक्टरी दोन-तीन टनांचा माल धूर होऊन जातो.

याच कापसाची सरकी पाहा. मानवत, सेलूच्या जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम ३४-३५ किलो. उरते ती बहुतेक सरकीच. तिला कोणी कचरा म्हणत नाही. तेल निघते, पेंड म्हशीपुढे जाते, शेण पुन्हा रानात. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द कार्यशाळांतून आपल्याकडे आला त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

मग पऱ्हाटीचेच घोडे कुठे अडते? तंत्रात नाही. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड होतो, हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केव्हाच दाखवून दिले. तिच्या भुशाचे ठोकळे, म्हणजे ‘पांढरा कोळसा’, बॉयलरवाल्यांना ठाऊक आहेत. अडते वाहतुकीत. पऱ्हाटी फुगते फार, वजनाला भरत नाही. ट्रॉली शिगोशीग भरली तरी डिझेल सुटत नाही. सोयाबीनचे मळणीयंत्र गावोगाव फिरते, तसे कुट्टीयंत्र जानेवारीत शिवारात यायला हवे.

वाहतूक सुटली तरी देवघेवीचा प्रश्न उरतोच. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये १९७२ साली रिफायनरीचा वाया जाणारा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याने घेतला आणि तिथून देवघेवीची साखळी वाढत गेली. तिथे दोन कारखान्यांमध्ये नळी टाकून भागले. आपल्याकडे देवघेवीतला एक शेजारी शेत आहे, आणि त्याचे देणे नळीने फिटत नाही. पऱ्हाटी बॉयलरमध्ये गेली की रानातले पालाश तिच्याबरोबर जाते आणि शेतकरी ते परदेशातून आलेल्या पोटॅशच्या पोत्यातून विकत घेतो. मळीपासून मिळणाऱ्या पालाशाला केंद्राने २०२१ मध्ये खताच्या अनुदानात घेतले. उसाला जे सुचले ते कापसालाही सुचावे. पऱ्हाटी नेणाऱ्याने राख परत आणून द्यायची, ही अट पहिल्याच करारात हवी.

आणखी एक. आज चुलीसाठी पऱ्हाटीची मोळी नेणाऱ्या बाईला कोणी हटकत नाही. भाव फुटला की पहिली हाकलली जाईल ती तीच. तिच्या मोळीचे काय, हे दर ठरवायला बसतानाच ठरवा.