हरिद्रा, जनुके आणि औषधाचे वेष्टन

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, याचा माधवनगर परिसरातील आम्हा वैद्यांना व औषधनिर्मात्यांना सार्थ अभिमान आहे. मात्र हळदीच्या गोळ्यांच्या वेष्टनांवर, माहितीपत्रकांत आणि क्वचित आमच्याच व्यवसायबंधूंच्या व्याख्यानांत एक वाक्य वारंवार आढळू लागले आहे : 'हे औषध जनुकीय पातळीवर कार्य करते.' या वाक्यास आमची हरकत आहे. ते असत्य आहे म्हणून नव्हे, तर ते काहीच सांगत नाही म्हणून. उपवास, ज्वर, जागरण, सूर्यप्रकाश, फार काय, दुपारचे भोजनदेखील जनुकांचे कार्य बदलते.

यकृताच्या पेशीत आणि मज्जापेशीत डीएनए एकच असतो. भेद पडतो तो कोणत्या जनुकाचा संदेश, केव्हा आणि किती काळ वाचला जातो यामुळे. केंद्रकात जनुकाची प्रत निघते. तिचेच पुढे संदेशवाहक आरएनए होते. पण कच्ची प्रत तशीच बाहेर पडत नाही. तिच्या अग्रभागी रासायनिक टोपी बसते, शेवटी अ‍ॅडेनिनचे लांब शेपूट जोडले जाते आणि प्रथिनाचा मजकूर नसलेले मधले खंड कापून उरलेले सांधले जातात. हे खंडित जनुक 1977 मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांच्या संशोधनातून उघड झाले आणि त्यांना 1993 चे नोबेल मिळाले. सांधणी निरनिराळ्या प्रकारे होऊ शकते, म्हणूनच सुमारे 20,000 जनुकांवर मनुष्यदेहाचा एवढा पसारा चालतो. केंद्रकाबाहेर आलेल्या संदेशालाही अभय नसते. सूक्ष्म आरएनए त्याचे वाचन रोखतात वा त्याचा नाश घडवितात. या शोधास 2024 चे नोबेल लाभले.

शोथाचे उदाहरण घेऊ. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी केंद्रकाबाहेर बांधलेले असते. आघात वा जंतुसंसर्ग झाला की त्याचे बंधन तुटते, ते केंद्रकात शिरते आणि शोथजनक प्रथिनांचे संदेश लिहवून घेते. त्यांपैकी टीएनएफ या प्रथिनाच्या संदेशाच्या अखेरीस अशी अक्षररचना असते की पेशी तो थोड्याच वेळात नष्ट करते. शोथ शमतो तो लेखन थांबल्याने, तसाच लिहिलेले पुसले गेल्यानेही. मग आमचे औषध नेमके कोठे कार्य करते? लेखनावर, सांधणीवर, की संदेशाच्या आयुष्यावर? वेष्टन याविषयी मौन पाळते.

करक्युमिन एनएफ-कप्पा-बीला आवर घालते, असे काचपात्रातील पेशींवर दिसले, हे खरे. परंतु काचपात्रातील तीव्रता रक्तात क्वचितच येते. 1998 मध्ये बंगळूर येथे निरोगी व्यक्तींना 2 ग्रॅम करक्युमिन नुसते दिले असता ते रक्तात नगण्य आढळले. 20 मिलिग्रॅम पाइपरीन सोबत देताच उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. पुढे 2017 मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी दाखविले की करक्युमिन अस्थिर असून प्रयोगशाळेतील चाचण्यांत फसवे संकेत देते. चरकाचार्यांनी हरिद्रेस लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न गणांत स्थान दिले. त्या स्थानाला काचपात्राच्या दाखल्याची गरज नाही, आणि तसा दाखला लावल्याने ते उंचावतही नाही.

खरी चिंता याहून निराळी आहे. पाइपरीनयुक्त तीव्र अर्क म्हणजे आपले हरिद्राचूर्ण नव्हे. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृतशोथ झालेल्या 10 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील 7 जणांत एचएलए-बी 35:01 हा जनुकभेद आढळला. म्हणजे औषध जनुकावर कार्य करते की नाही हा वाद राहू द्या, रुग्णाचे जनुक औषधावर निश्चित कार्य करते! योगायोग असा की पुण्यातील भूषण पटवर्धन, कल्पना जोशी व अरविंद चोपडा यांनी 2005 मध्ये 76 व्यक्तींत प्रकृती आणि एचएलए जनुकभेद यांचा संबंध तपासला होता. संख्या लहान, तरी प्रश्न आपल्या शास्त्राच्या घरचा आहे. 'सर्वांना लागू' असे छापणाऱ्यास मात्र प्रकृतीचाच विसर पडलेला असतो.

औषधनिर्मात्यांना आमचे सांगणे एवढेच : वेष्टनावरून जनुकांचा उल्लेख काढावा आणि त्या जागी चूर्ण की अर्क, करक्युमिन किती, मिरीचे सत्त्व आहे वा नाही, हे स्पष्ट छापावे. वैद्यांनी असे अर्क देण्यापूर्वी कामलेचा पूर्वेतिहास विचारावा, मूत्र गडद होणे, अरुची वा डोळे पिवळे होणे दिसताच औषध बंद करून यकृताची रक्ततपासणी करवावी, आणि असा रुग्ण आढळल्यास आयुषच्या औषधसुरक्षा केंद्राकडे नोंद अवश्य पाठवावी. अशा नोंदीने हळदीची बदनामी होईल, ही भीती काही व्यापारी मित्रांनी आमच्याजवळ बोलून दाखविली. नोंद न झाल्यास निर्बंध येतील ते अर्कावर नव्हे, सरसकट हळदीवर येतील, आणि त्याची झळ हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल.