जिना कुणाचा?

मुंब्र्याबद्दल बाहेरचे लोक काय बोलतात, याचा हिशेब आपण तोंडपाठ ठेवला आहे. बँक कर्ज देत नाही, नोकरीच्या अर्जावरचा पत्ता पाहून साहेबाचा चेहरा बदलतो. हे खरं आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण जे प्रश्न आपल्याच दाराशी आहेत, त्यांचं काय?

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं इथे आली. कौशाला कोकणी मुसलमानांचं जुनं गाव होतंच; त्याच्या भोवती इमारती उठल्या. माझे आईवडीलही त्याच लोंढ्यात आले. तेव्हा जीव वाचवायचा होता, कागद कोण पाहणार? ती मजबुरी मला कळते. तीस वर्षांनंतरही तीच सांगत बसणं हा मात्र बहाणा आहे.

आमच्या इमारतीत २८ कुटुंबं. सोसायटी नोंदलेली नाही. १९६३च्या कायद्याप्रमाणे ते काम बिल्डरचं. त्याने केलं नाही. तो जुम्म्याला पहिल्या सफमध्ये बसतो, म्हणून कुणी विचारत नाही. "जाने दो, अपना ही आदमी है!" मेंटेनन्स त्याचा भाचा गोळा करतो, पावती मागितली तर हसतो. जिन्याच्या स्लॅबमधली सळई उघडी पडली आहे. मशिदीच्या संगमरवरासाठी एका रात्रीत चंदा जमतो. जमो, अल्लाह कबूल करो. पण त्या सळईवर सिमेंट थापायला पैसे मागितले की वरचे म्हणतात, गळती खालच्यांकडे आहे.

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. काही आठवड्यांत उभी केलेली इमारत! बिल्डर पकडले गेले, महापालिकेचे अधिकारीही पकडले गेले. आपण दुआ केली, सरकारला शिव्या दिल्या. आपापल्या इमारतीची तपासणी किती जणांनी करून घेतली? आमच्या गल्लीत एकानेही नाही.

बैठका होतात. इशानंतर, गच्चीवर, फक्त पुरुषांच्या. पाणी किती वाजता येतं, मोटर कुणी जाळली, कुठल्या भिंतीला ओल आहे, हे सगळं बायकांना ठाऊक; त्यांनाच बोलावणं नाही. सोसायटीच्या कायद्यात समितीवर बायकांसाठी राखीव जागा आहेत. पडदा आड येतो म्हणे. रेशनच्या रांगेत तो कसा आड येत नाही?

आणखी एक गंमत. उपनिबंधकांच्या कार्यालयातला अर्ज मराठीत. गच्चीवरचे बुजुर्ग तो उलटसुलट करून बघतात आणि खिशात घालतात. माझ्या उर्दू शाळेतल्या आठवीच्या मुली तो घडाघडा वाचतात!

अर्ज मी भरून ठेवला आहे. आजवर १७ सह्या झाल्या, त्यांतल्या ११ बायकांच्या. घर त्यांच्या नावावर आहे. उरलेले म्हणतात, "भाईंना विचारून सांगतो."