कारागिराचे आजारपण उचलीच्या खात्यावर नको

२०२० च्या कोरोनानंतर पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत कामाची एक नवी पद्धत रूढ झाली. आठवड्यातले काही दिवस कचेरीत, काही दिवस घरी. तिला हायब्रिड पद्धत म्हणतात. माणसे एका छपराखाली राहिली नाहीत, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची काळजीही सरसकट एकाच पद्धतीने घेता येईना. म्हणून कुणाला डोळ्यांची तपासणी, कुणाला पाठदुखीवर उपचार, कुणाला कामाच्या वेळेत सवलत, अशी ज्याला जी गरज त्याला ती सोय देणाऱ्या योजना कंपन्या आखू लागल्या. सोलापूरची शिकलेली मुले तिकडे नोकरीला आहेत. सणाला घरी आली की या गोष्टी सांगतात. आपले व्यापारी बांधव ऐकतात आणि म्हणतात, "मोठ्या लोकांच्या मोठ्या गोष्टी! आपला काय संबंध?"

आम्हाला वाटते, संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

घर आणि कारखाना

अर्धे काम कारखान्यात आणि अर्धे घरी ही पद्धत सोलापूरला नवी नाही. विडी कामगार बाई सकाळी कारखान्यात जाऊन विड्या देते, पाने आणि तंबाखू घेते आणि दिवसभर घरी विड्या वळते. शाळेच्या गणवेशाचे कापड कारखान्यात कापले जाते, शिलाईला घराघरांत जाते, आणि काजबटण, इस्त्री, तपासणीसाठी परत येते. टॉवेल मागावर विणला जातो, पण काठ शिवणे, धागे काढणे ही कामे अनेकदा घरीच होतात. आपल्या समाजातील किती घरे या कामांवर चालतात हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

गिरण्यांच्या काळात हजारो माणसे एका फाटकातून आत जात. त्यांच्यासाठी कायदा होता, विमा होता, दवाखाना होता. गिरण्या बंद पडल्या आणि काम गल्लीबोळांत पांगले. काम घरापर्यंत आले, दवाखाना मात्र त्याच्या मागोमाग आला नाही.

आज कारागीर आजारी पडला की काय होते? तो मालकाकडे येतो आणि उचल मागतो. मालक बहुधा नाही म्हणत नाही. हजार, दोन हजार, पाच हजार देतो आणि वहीत लिहून ठेवतो. माणूस बरा होतो, पण त्याचे औषध कर्ज होऊन वहीत राहते. पुढचे सहा महिने मजुरीतून ते कापले जाते. दुसऱ्या कारखान्यात चांगली मजुरी मिळत असली तरी बाकी फिटेपर्यंत त्याला जाता येत नाही. ज्या कामाने त्याची पाठ मोडली, त्याच कामाला तो पाठीच्या औषधापायी बांधला जातो. यात मालकाचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. पण ही रीत न्यायाची नाही, एवढे आम्ही स्पष्ट सांगू.

प्रत्येकाचे दुखणे वेगळे

मागावरच्या माणसाचे कान जातात. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते अशा खडखडाटात रोज आठ-दहा तास काढले की ऐकणे हळूहळू कमी होते, आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. सुताची धूळ छातीत जाते. आठवड्याच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर ते त्या धुळीचे जुने ओळखीचे लक्षण आहे. शिलाई करणाऱ्या बाईचे डोळे, मान आणि मनगट दुखते. विडी वळणाऱ्या बाईच्या अंगात तंबाखूचे विष धुळीतून आणि हाताच्या कातडीतूनही जाते, आणि त्याच खोलीत तिचे तान्हे मूल झोपलेले असते. गणवेशाचे काम तर जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शिगेला पोहोचते. त्या दिवसांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली बसून माणसे रात्रीपर्यंत शिवतात.

वर्षातून एकदा मंडप टाकून सर्वांचा रक्तदाब मोजण्याने यांपैकी एकही दुखणे सुटत नाही. एकाला कानात घालायचे बोळे हवेत, दुसरीला चष्मा, तिसरीला बाई डॉक्टर, चौथ्याला दुपारी दोन तासांची सुटी. पुण्याच्या कंपन्यांकडून घेण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच.

"ती आमची नोकर नाही"

यावर एक उत्तर नेहमी मिळते: "घरी शिवणारी बाई आमची नोकर नाही. तुकड्यावर काम करते, पैसे घेते." हे उत्तर विडी कारखानदारांनीही एकेकाळी दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि घरी विड्या वळणारे कामगारही भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली कर्मचारीच आहेत, असा निकाल १९८५ मध्ये लागला. त्यात एक मुद्दा फार मार्मिक होता. विड्या तपासून नापास करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचे कामावर नियंत्रण आहे. हा निकाल विड्यांपुरता होता, पण त्यातला विचार प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःला लावून पाहावा. शिलाई वाकडी म्हणून आपण माल परत करतो. मग तीच शिलाई करताना डोळे अधू झाले, तर आपला संबंध नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

जकात वेगळी, हक्क वेगळा

रमजानमध्ये आपल्या कारागिराला जकातीतून मदत करणारे मालक आहेत. गरजू कारागिराला जकात देणे योग्यच आहे. पण मजुरी किंवा मालकाची जबाबदारी जकातीच्या रकमेतून भागवता येत नाही. एक अल्लाहने घातलेले फर्ज आहे, दुसरे कारागिराचे आपल्याकडे असलेले देणे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हाताखालच्या माणसांना भाऊ मानायला सांगितले, त्यांच्या ताकदीबाहेरचे काम लादू नये, आणि लादावे लागले तर स्वतः हात लावावा, अशी शिकवण दिली. लवचीक कामाची आपल्याला सवयही आहे. रमजानमध्ये सहरी-इफ्तारप्रमाणे कामाच्या वेळा आपण बदलतोच, आणि तरीही माल वेळेवर जातो. जे एक महिना जमते ते मे महिन्याच्या उन्हात का जमू नये?

पैसा कुठून आणायचा?

नफा थोडा आहे, सूत महाग आहे, पेठेतून पैसे उशिरा येतात, हे आम्ही जाणतो. अनेक मालक स्वतःच मागावर उभे राहतात. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. त्यांत मालक आणि त्यांच्या घरची माणसेही होती, कामगार आणि त्यांच्या घरची माणसेही होती. धोका मालक-कामगार असा भेद करीत नाही. राहणे आणि काम एकाच इमारतीत असेल तर बाहेर पडायला दुसरा दरवाजा असणे, हासुद्धा प्रकृतीच्याच खर्चाचा भाग आहे.

पहिला मार्ग कामगार राज्य विमा योजनेचा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू होते. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. १२,००० रुपये पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये होतात. त्यात कुटुंबाचे उपचार, आजारपणातील भत्ता आणि बाळंतपणाची रजा येते. या योजनेचे रुग्णालय सोलापुरात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर दहापेक्षा कमी माणसांच्या व्यवसायालाही स्वखुशीने यात येता येते.

दुसरा मार्ग विडी धंद्यानेच दाखवलेला आहे. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला आणि त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर बंद झाला, पण त्यातली युक्ती आपण घेऊ शकतो. गणवेशाच्या एका नगामागे २५ पैसे बाजूला काढले तर २०,००० नगांच्या हंगामात ५,००० रुपये जमतात. एका गल्लीतील दहा कारखानदार एकत्र आले तर ५०,००० रुपये होतात. आपापल्या जमातीने किंवा व्यापारी संघाने हा हिशोब सांभाळावा.

या पैशातून काय घ्यायचे ते कारागिराने ठरवावे. डॉक्टर माल देण्या-घेण्याच्या दिवशी कारखान्यात बोलवावा, कारण घरी काम करणाऱ्या बाईला तेवढ्यासाठी वेगळी मजुरी बुडवावी लागू नये. तपासणीचा कागद कारागिराच्याच हाती राहावा. मालकाच्या टेबलावर तो आला तर "छाती खराब आहे, याला काम नको" या भीतीने कुणी तपासून घेणार नाही आणि सारी योजना वाया जाईल.

नवी मुले मागावर यायला तयार नाहीत अशी तक्रार आपण सगळेच करतो. वडिलांचा खोकला आणि आईचे वाकलेले बोट पाहून ती वाढली, हे मात्र आपण विसरतो.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की या महिन्यात हिशोबाची वही उघडा आणि औषधासाठी दिलेल्या उचलीच्या नोंदी शोधा. त्यातली जी माफ करता येईल ती अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी माफ करा. त्यानंतर वहीत एक नवे पान घाला आणि कारागिराच्या प्रकृतीचा खर्च सूत, रंग आणि वीज यांच्याप्रमाणे धंद्याच्या खात्यावर लिहा. त्या पानाने बरकत कमी होणार नाही, वाढेलच, इन्शाअल्लाह.