काचेपुढची काच

कॅमेरा घेतला की त्याच्यासोबत भिंगापुढे लावायचा फिल्टर घ्यायचा, हा आता जवळजवळ एक विधी झाला आहे. दुकानदार तो न मागता काढून देतो, ग्राहक न विचारता लावून घेतो आणि पुढे कॅमेरा विकला जाईपर्यंत ती काच तिथून हलत नाही. आम्ही दोघे मराठी शिकवतो, एक जळगावात आणि दुसरा धुळ्यात. या विषयात आमचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु लोकसाहित्याचे क्षेत्रकार्य आणि जुन्या बाडांचे छायाचित्रण या दोन वाटांनी कॅमेरा मराठी विभागांत येऊन पोहोचला आहे, आणि भिंगापुढे काय आहे याचा परिणाम आपल्या संशोधनसामग्रीवर होतो. तेव्हा हा प्रश्न केवळ छायाचित्रकारांचा राहिलेला नाही.

मुळात या फिल्टरला 'यूव्ही' म्हणत, ते सार्थ होते. फिल्मला अतिनील किरण जाणवत. दूरच्या डोंगरांवर, उंच प्रदेशात निळसर धूसरपणा उतरे आणि ही काच तो अडवी. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे अशी गाळणी आधीच बसवलेली असते. म्हणजे नाव उरले, काम गेले. उरले ते फक्त संरक्षण. त्या संरक्षणाची किंमत मात्र आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे एका फिल्टरचे दोन पृष्ठभाग मिळून सुमारे 8 टक्के. उत्तम बहुलेपी काचेत हे प्रमाण पुष्कळ खाली येते; पण दुकानदार भेट म्हणून देतो ती काच सहसा तशी नसते. प्रकाश थोडा कमी मिळाला म्हणून फारसे बिघडत नाही. बिघडते ते परत फेकलेला प्रकाश भिंग आणि सपाट काच यांच्यामध्ये घुटमळतो म्हणून. सातपुड्यातल्या काठीच्या राजवाडी होळीची रात्रीची छायाचित्रे पाहावीत. चौकटीच्या एका कोपऱ्यात होळी पेटलेली, आणि मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, अंधारात नाचणाऱ्यांच्या अंगावर, त्याच ज्वाळेची उलटी फिकट छाया तरंगताना दिसली, तर ती बहुधा या फिल्टरची करामत असते. उद्या एखादा अभ्यासक त्या छायेला विधीतली दुसरी आग समजणार नाही, याची खात्री कोणी द्यावी?

आमची मुख्य तक्रार बाडांच्या बाबतीत आहे. एका घराण्याने आपले जुने बाड एका दिवसापुरते पाहायला दिले होते. कॅमेरा ज्या संस्थेचा होता तिथे नियम असा, की भिंगावरचा फिल्टर काढायचा नाही. कारण डेडस्टॉक नोंदवहीत भिंग आणि फिल्टर मिळून एकच नग नोंदलेला, आणि तो वेगळा करणे म्हणजे नगाची मोडतोड! आम्ही हरकत घेतली, ती चालली नाही. दोन्ही बाजूंना दिवे, खाली पिवळट कागद, त्यावर विटलेली शाई आणि मध्ये ती स्वस्त काच. पानांच्या मध्यभागी उजेडाचा एक पांढुरका पदर आला. ठळक अक्षरे वाचता येतात. समासातल्या बारीक टिपा, ज्यांच्यासाठी खरे तर आम्ही गेलो होतो, त्या धुक्यात गेल्या. बाड परत गेले, पुढे ते घराणेही गाव सोडून गेले. सुरक्षित राहिले ते भिंग.

आता दुसरी बाजू. धुळ्याच्या नावाशी धुळीचा खेळ करण्याचा मोह आम्ही आवरतो. पण खानदेशातला मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला धुळीबद्दल सांगायला नको. बावटळ उठली, जिनिंगच्या आवारात कापसाची तूस उडाली, रंगपंचमीला कोरडा रंग उधळला गेला, की फिल्टर लावावा, निःसंकोच लावावा. काही भिंगांची धूळ-पाण्यापासूनची बंदिस्ती पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते, असे त्यांचे निर्मातेच सांगतात. परंतु 'पडले तर वाचेल' हा जो युक्तिवाद नेहमी केला जातो, तो तपासून घ्यावा. भिंगाची पुढची काच जाड असते, फिल्टरची पातळ. फिल्टर फुटला म्हणून भिंग वाचले असे आपण म्हणतो, पण तेवढ्या आघाताने भिंगाला काही झाले असतेच असे नाही. उलट फुटलेल्या फिल्टरचे कण भिंगावर ओरखडे काढू शकतात. धक्का झेलायला साधा हूड अधिक उपयोगी. शिवाय तो आडवा प्रकाशही अडवतो. भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा किंवा धुळीचा कण चित्रात बहुधा दिसतसुद्धा नाही. ओरखडे पडतात ते बव्हंशी कोरडी धूळ रुमालाने पुसल्यामुळे. आधी फुंकणीने ती उडवावी, मग मऊ ब्रश, कापड सर्वांत शेवटी. आणि पावसाळ्यात चामड्याच्या बंद पिशवीत धरणाऱ्या बुरशीला तर फिल्टरचे भयच नाही.

चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) यांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर न पडता काढलेल्या या कलावंताने टेबलावर मांडलेल्या लहानशा वस्तूंतून निसर्गदृश्ये उभी केली. अशा कामात भिंगावरचा कण क्षम्य असतो. टेबलावरचा कण मात्र चित्रात धोंडा होऊन बसतो. जपायचे काय, हे कामावर ठरते. भिंग ही जपण्याची वस्तू आहेच, पण चित्राच्या खालोखाल.

संरक्षक थराचे आपल्या परिसरातले सर्वांत मोठे उदाहरण अजिंठ्याचे. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथल्या भित्तिचित्रांवर व्हार्निश चढले. पुढे 1920–22 च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण संरक्षणासाठी त्यांनी लाखेचे व्हार्निशही दिले. काळाच्या ओघात हे थर पिवळे पडले, काळवंडले, त्यांवर धूळ आणि काजळी बसली. ते उतरवण्याचे जिकिरीचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे करावे लागले. मधल्या काळात ज्यांनी अजिंठा पाहिला, त्यांतल्या अनेकांनी तो लाखेतून पाहिला, आणि त्या पिवळेपणालाच प्राचीनतेचा रंग मानले. (अहिराणी गाणी टिपून घेताना ती हळूच प्रमाण मराठीकडे सरकवणारे आमचे काही व्यवसायबंधूही असाच थर देत असतात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

व्हार्निश आणि फिल्टर यांत एक भेद मात्र आहे, आणि आमच्या मते सगळा निवाडा त्यावरच अवलंबून आहे. फिल्टरला आटे असतात. तो फिरवून काढता येतो. या सोयीमुळेच त्याला आमचा विरोध नाही. ती सोय न वापरण्याला आहे. मोकळ्यावर वाऱ्यात लावलेला फिल्टर लेण्यात शिरताना, दिवे चौकटीत येताना, बाड उघडताना काढावा. लेण्यांत फ्लॅशला मनाई आहेच. त्या मंद उजेडात आणखी एका काचेची अडचण कशाला?

महाविद्यालयांना आमची एवढीच विनंती आहे, की डेडस्टॉक नोंदवहीत भिंग आणि फिल्टर यांच्या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. आणि महिन्यातून एकदा तरी फिल्टर काढून आटे ब्रशने साफ करावेत, कारण आपल्याकडची धूळ त्यांत बसली की तो घट्ट रुततो. रुतलाच तर पकड लावू नये; कडेभोवती रुंद रबर गुंडाळून हलक्या हाताने फिरवला की तो बहुधा सुटतो.