आधी झटका, मग धुवा!

बालमित्रांनो, तुमच्या स्नेहसंमेलनात आजी-आजोबा कोण झालं होतं? आणि केस पांढरे कशाने केले होते? पावडरने की खडूने?

गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गाने एक नाटुकलं बसवलं. ऐन वेळी पावडरचा डबा सापडेना. मग मी फळ्याजवळचे खडू कुटले आणि 'आजीबाईं'च्या डोक्याला तेलाचा हात लावून ती पूड चोळली. आजी अशी झकास दिसली म्हणता! टाळ्याच टाळ्या!

दुसऱ्या दिवशी मात्र ती मुलगी डोक्याला रुमाल बांधून आली. घरी आईने भराभर गरम पाणी ओतलं, पुन्हा तेल लावलं, पुन्हा धुतलं. केसांचा नुसता गुंता झाला. शेवटी एक बट कापावी लागली. वर्गात खसखस पिकली आणि तिचे डोळे भरून आले.

चूक तिची नव्हती, तिच्या आईचीही नव्हती. चूक बाईंची, म्हणजे माझी होती. रंग लावला, पण तो काढायचा कसा ते सांगितलंच नाही. मी वर्गासमोर तसं कबूल केलं. मग आम्ही एक प्रयोग केला.

दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात चमचाभर साखर, दुसऱ्यात तेवढीच खडूची पूड घालून ढवळली. साखर दिसेनाशी झाली. खडूचं पाणी आधी दुधासारखं झालं आणि थोड्या वेळाने सगळी पूड तळाशी बसली.

"बाई, खडू विरघळतच नाही!"

बरोब्बर! खडू चुनखडीचा असो की जिप्समचा, तो साखरेसारखा विरघळत नाही. कोरडी पूड झटकता येते. पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि तेल लागलं की ती चिकटून बसते. पण घाबरायचं कारण नाही. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात आणि केसाचा खरा रंग त्यांच्या आत असतो. खडू बसतो तो वरवर.

म्हणून आधी खांद्यावर जुना टॉवेल घ्या, डोळे मिटा, नाकातोंडाला रुमाल लावा आणि अंगणात किंवा गॅलरीत वाकून केस हलक्या हाताने झटका. मग मोठ्या दातांचा कंगवा घ्या. आधी टोकांचा गुंता सोडवा, मग हळूहळू वर या. पूड पडायची थांबली की कोमट पाणी. शाम्पू तांब्यातल्या पाण्यात कालवून घ्या. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, बोटांनी वरून खाली धुवा. पाणी गढूळ दिसलं तर पुन्हा एकदा. तेल लावायचं ते सगळं स्वच्छ झाल्यावर.

पालकहो, बाजारात केसांसाठी रंगीत खडू मिळतात. त्यांच्या वेष्टनावरची सूचना आधी वाचा आणि एकाच बटेवर लावून, धुऊन बघा. कोरड्या किंवा फिकट केसांवर रंगाची छटा राहू शकते.

आणि आमच्या आजीबाई? तो पेल्यांचा प्रयोग तिसरीच्या वर्गात तिनेच करून दाखवला. रुमाल काढून!

तुम्हीही घरी दोन पेले मांडून बघाल ना?