घर आणि यंत्र : बोइदेमवरचे जुने खेळ



पेसाहपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची, म्हणजे इकडच्या बोलीतील बोइदेमवरची, खोकी खाली उतरू लागली की त्यांत एखादे खोके संगणकाच्या जुन्या खेळांचे निघते. काही फ्लॉप्या, काही सीडी आणि कडा दुमडलेली एखादी पुस्तिका. दिमोना असो वा अश्दोद, ज्या घरांत १९९० च्या दशकात पहिला संगणक आला, तेथील मुलांच्या कितीतरी सुट्ट्या या खेळांत गेल्या. ती मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत व आपला खेळ आपल्या लेकरांना दाखवावा अशी त्यांची इच्छा असते. परंतु नव्या संगणकावर तो सुरू होत नाही, आणि खोके कचऱ्याकडे जाते. असे करण्यापूर्वी थोडा विचार करावा. खेळ बहुधा शाबूत असतो. त्याच्या ओळखीचे यंत्र मात्र घरातून गेलेले असते.

प्रथम खेळ कोणत्या काळाचा आहे हे खोक्यावर पाहावे. १९९५ साली विंडोज ९५ येण्यापूर्वीचे बहुतेक खेळ ‘डॉस’ या प्रणालीसाठी रचलेले होते. ते १६ बिटांचे असून आजची ६४ बिटांची विंडोज अशा कार्यक्रमांना मुळीच थारा देत नाही. त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम २००२ पासून उपलब्ध आहे. तो आपल्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो. त्याचा प्रोसेसर, पडदा आणि ध्वनीचे कार्ड या सर्वांची तो हुबेहूब नक्कल करतो.

कृती अशी. सी ड्राइव्हवर एक नवे फोल्डर करून त्याचे नाव रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत ठेवावे, कारण डॉसला याहून लांब नाव समजत नाही. त्यात खेळाच्या फाइली उतरवाव्यात. नंतर डॉसबॉक्समध्ये ‘माउंट’ ही आज्ञा देऊन ते फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडावे आणि खेळाची सेटअप फाइल चालवावी. तेथे ध्वनीविषयी विचारणा झाल्यास ‘साउंड ब्लास्टर’ निवडून पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ असे आकडे द्यावेत. खेळातील माणसे वाऱ्याच्या वेगाने धावू लागली तर घाबरू नये. पुष्कळ जुने खेळ आपला वेळ प्रोसेसरच्या गतीवरून मोजत. प्रोसेसर वेगवान, की खेळही वेगवान. कंट्रोल आणि एफ११ या कळा एकत्र दाबल्यास गती कमी होते, कंट्रोल आणि एफ१२ दाबल्यास वाढते.

विंडोज ९५ नंतरच्या खेळांचे दुखणे निराळे. कित्येकदा खेळ ३२ बिटांचा, म्हणजे आजही चालण्याजोगा असतो. परंतु त्याला संगणकावर बसविणारा इन्स्टॉलर १६ बिटांचा असल्याने दारातच अडतो. असा खेळ ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारख्या कार्यक्रमात जुनी विंडोज स्थापून चालविता येतो. इन्स्टॉलर चालत असल्यास खेळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न ठेवता स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावा, कारण २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज त्या जागी कार्यक्रमांना मुक्तपणे लिहू देत नाही व खेळाची प्रगती जतन होताना घोटाळे होतात. नंतर खेळाच्या फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कंपॅटिबिलिटी’ या पानावर जुन्या विंडोजचे नाव निवडावे. रंग बिघडत असल्यास तेथेच २५६ रंगांची खूण करावी. काही सीडींवर ‘सेफडिस्क’ नावाचे नक्कलविरोधी कुलूप असे. २०१५ सालच्या विंडोज १० पासून ते कुलूप उघडण्याची सोयच उरली नाही, म्हणून अस्सल सीडीही नाकारली जाते. अशा वेळी त्या खेळाची नवी आवृत्ती विकत मिळते का ते पाहावे. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेले ‘जीओजी’ हे दुकान जुने खेळ आजच्या संगणकांस योग्य करून विकते.

आता आपल्या देशातील खास अडचण. १९९९ साली निघालेल्या ‘पिपोश’सारखे हिब्रू खेळ, किंवा मुलांना अक्षरओळख करून देणारे हिब्रू कार्यक्रम, परदेशी मांडणीच्या संगणकावर लावले की पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे येतात. त्याचे कारण साधे आहे. त्या काळी प्रत्येक अक्षराला एक आकडा असे आणि तो आकडा देशोदेशी वेगळे अक्षर दाखवी. विंडोजच्या हिब्रू कोष्टकात २२४ म्हणजे ‘आलेफ’. पश्चिम युरोपच्या कोष्टकात तोच आकडा चिन्हांकित ‘ए’ दाखवितो. डॉसच्या हिब्रू कोष्टकात तर आलेफ १२८ वर होता. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उतरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत ‘युनिकोड नसलेल्या कार्यक्रमांची भाषा’ हिब्रू करून संगणक पुन्हा सुरू केला की पुष्कळदा अक्षरे जागेवर येतात.

याहून तातडीचे काम म्हणजे प्रत करून ठेवणे. फ्लॉपीवरील चुंबकीय थर काळाने क्षीण होतो, सीडीही खराब होते. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे व सीडी वाचणारे यूएसबी उपकरण बाजारात मिळते. सीडीची संपूर्ण प्रतिमा घ्यावी. खेळाचे संगीत गाण्यांप्रमाणे वेगळ्या ट्रॅकवर असल्यास ‘बिन’ व ‘क्यू’ अशी जोडी करावी, अन्यथा खेळ मुका होतो. पुस्तिकाही जपावी. जॉर्डन मेकनरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ च्या प्रसिद्ध खेळाच्या डॉस आवृत्तीत पहिल्या पातळीनंतर पुस्तिकेतील एक अक्षर विचारले जाई. पुस्तिका हरवली की पुढची वाट बंद. याच खेळाचा मूळ लिखित कार्यक्रम हरवला असे त्याच्या कर्त्यालाच वाटत होते. २०१२ साली वडिलांच्या घरी एका खोक्यातील फ्लॉप्यांवर तो सापडला व तज्ज्ञांच्या साह्याने वाचताही आला.

एक सावधगिरी. अनोळखी ठिकाणाहून ‘फुकट’ खेळ उतरवून घेऊ नयेत. त्यांसोबत विषाणू येण्याचा धोका असतो, आणि खेळ जुना झाला म्हणून त्यावरील स्वामित्वहक्क संपत नाही.

विख्यात इंग्रजी खेळांच्या प्रती जगात असंख्य हातांनी जपल्या आहेत. आपल्या चिमुकल्या देशातील हिब्रू खेळांच्या प्रती मुळात थोड्या. त्यांतली एखादी कदाचित आपल्याच बोइदेमवर असेल. तेव्हा यंदा खोके टाकण्यापूर्वी ते उघडून पाहावे, आणि घरच्या मुलांना जवळ बसवून पाहावे, ही विनंती.