चौकांतील सायकलस्वार

ज्यांचीं मुलें परदेशीं शिकावयास गेलीं आहेत असे पालक समाधानानें सांगतात कीं, कोपनहेगनसारख्या शहरांत सायकलीस मोटारींहून वेगळी, किंचित् उंच बांधलेली वाट असते. तेव्हां चिंता नाहीं. हें समाधान अर्धेंच खरें आहे. ती वाट रक्षण करते चौकापर्यंत. चौकांत दोघांचे मार्ग एकमेकांस छेदतात, आणि खरा धोका तेथेंच असतो.

डेन्मार्कांत वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते. उजवीकडे वळणाऱ्या मोटारचालकानें सरळ जाणाऱ्या सायकलस्वारास वाट द्यावी, असा कायदा आहे. कांहीं चौकांत सायकलीचा पट्टा निळा रंगवितात, तो त्याच स्मरणासाठीं. परंतु उंच मालमोटारीच्या उजव्या अंगास खेटून उभा राहिलेला मनुष्य चालकास आरशांतूनहि न दिसण्याचा संभव असतो. अशा वेळीं अधिकार आपला खरा, पण हाडेंहि आपलींच! म्हणून मालमोटारीच्या शेजारीं न थांबतां मागें राहावें, आणि चालकाशीं दृष्टादृष्ट झाल्यावांचून पुढें जाऊं नये.

डावीकडे वळावयाचें असल्यास प्रथम चौक सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावें व मग वळावें, असा तेथील नियमच आहे. थांबण्यापूर्वीं हात वर करण्याची तेथील रीत आपल्याकडील, नुसती घंटा वाजवीत सुटणाऱ्या, मंडळींनीं अवश्य उचलावी.

सुटींत घरीं आलेल्या मुलास मात्र आठवण द्यावी कीं, इकडे वाहतूक डावीकडून चालते. तेव्हां हीच जपणूक येथें डाव्या वळणास करावयाची.